वाळवीलाही तसं कळवा

आम्हा निवृत्त लोकांची महिन्यातून एकदा बैठक असते. सिडकोतल्या एकाच्या गच्चीवर जमायचं, पोहे खायचे, गुडघ्यांच्या तक्रारी करायच्या. उठायची वेळ झाली की कुणीतरी मला हमखास म्हणतं, "साहेब, ते परवानगीवाले मास्तर होऊन जाऊ द्या." मग मी गोष्ट सांगतो.

गोष्ट अशी. मी बांधकाम परवानगीच्या कचेरीत ओव्हरसियर होतो. उन्हाळ्याचे दिवस. दारात एक म्हातारे मास्तर येऊन उभे राहिले. उन्हाळ्यातही अंगात लांब काळा कोट, हातात छत्री. दारातून विचारतात, "आत येऊ?" आमच्या शिपायाला लहर आली. तो म्हणाला, "नाय." तर मास्तर खरंच बाहेर उभे राहिले, जेवणाची सुट्टी होईपर्यंत. शेवटी मीच आत बोलावलं.

"काय काम काढलं?"

"छत बदलायचंय. परवानगी पाहिजे."

"घर कुणाचं?"

"माझं."

"छत कुणाचं?"

"तेही माझंच."

"मग विचारता कुणाला? जुन्या शहरात असलं कुणी विचारत नाही."

मास्तर म्हणतात, "छत माझं आहे, साहेब. आभाळ माझं नाही. छत काढलं की घर आभाळाला उघडं पडणार. विचारायला नको?"

इथं पहिला हशा येतो. मग मी आवाज चढवून सांगतो, मंजुरी हातात पडेपर्यंत छताचं एक ढेकूळ हलवायचं नाही. हलवलं तर मी स्वतः नोटीस काढीन. यावर मास्तर छत्री काखेत धरतात आणि शांतपणे म्हणतात, "बरं, साहेब. वाळवीलाही तसं कळवा."

इथं लोक पोट धरून हसतात. कुणाला ठसका लागतो. मी पाण्याचा पेला उचलतो. गोष्ट संपते.

यातलं बोलणं सगळं खरं आहे. तरी गोष्ट खोटी आहे, कारण ती मी वाळवीपाशी थांबवतो. पुढं ते छत पडलं आणि मास्तरांची बायको त्याखाली गेली. हे बैठकीतल्या जुन्या लोकांना ऐकून माहीत आहे. पण त्यांना जे माहीत आहे तेही माझ्याच तोंडचं: मास्तर डोक्यानं सरकलेले होते, दुरुस्तीला परवानगी लागत नाही असं सांगूनही कागदाची वाट बघत बसले, आणि त्या हट्टापायी बाई गेल्या. त्यांच्या पोटच्या मुलीनंही हेच खरं मानलं आणि बापाशी बोलणं टाकलं. मास्तर गेले तेव्हाही त्यांच्या नावावर हाच डाग होता. तो डाग माझा आहे. तो त्यांच्या नावावरून उतरवायचा म्हणून लिहायला बसलो आहे.

गोष्टीत आणखी एक लबाडी आहे. तिच्यात मास्तर मला अनोळखी असतात. खरं तर मी त्यांच्या घरात भाडेकरू म्हणून राहिलो होतो.

देवगाव रंगारीहून नोकरीसाठी शहरात आलो तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. जुन्या शहरात, तटाच्या एका दरवाजाच्या आतल्या गल्लीत मास्तरांचं घर होतं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. माळवद म्हणजे सागवानी तुळया, त्यांवर लाकडी फळ्या आणि त्यांवर हातभर जाड पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात खाली गारवा असा की पंखा नको. मास्तर एका शाळेत चित्रकला शिकवायचे. मला माळवदावर जाणाऱ्या जिन्याशेजारची खोली मिळाली.

जिना माझ्या दारावरून जात होता. पहिल्याच सकाळी मी तोंडात ब्रश घालून उभा होतो, तर मास्तर जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन थांबले.

"मियाँ, वर जाऊ का?"

मला वाटलं, वर काही हरवलं असेल. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "मास्तरसाहेब, घर तुमचं, जिना तुमचा. मला काय विचारता?"

"भाडं घेतलंय ना तुमच्याकडून. आता दारासमोरची हवा तुमची."

मग रोज सकाळी ते विचारायचे आणि मी तोंडातला फेस सांभाळत "हौ" म्हणायचो. एकदा मी आणि बायको गावी गेलो. परत आलो तर त्यांच्या बायकोनं, म्हणजे खालाजाननं, जिन्यातच मला गाठलं. माळवदावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. अवकाळी पाऊस आला. मास्तर जिन्याच्या तळाशी उभे राहिले आणि वर गेले नाहीत.

"पूछते किसकू? घर में कोई नहीं था," खालाजान मला सांगत होती, जणू न्यायनिवाडा मीच करायचा होता. "सारी मिर्ची भीगके सड़ गई. मैं गई ऊपर, मेरेकू किसीकी इजाजत नक्को."

मास्तर मागं उभे होते. म्हणाले, "मिरच्या गेल्या. पुढच्या वर्षी परत येतील."

"और तुम्हारी अक्कल?"

"ती आधीच गेलेली आहे. तीही येईल कदाचित."

खालाजानचं आणि त्यांचं असं चालायचं. ती म्हणायची, "सगळ्या दुनियेला विचारतात. लग्न ठरलं तेव्हा मला तेवढं कुणी विचारलं नाही." त्यावर मास्तरांचं उत्तर ठरलेलं असायचं, "विचारलं होतं. जवाब तुझ्या अब्बांनी दिला."

भिंतीत खिळा मारायचा असला तर ते शेजारच्या किराणावाल्याकडे जायचे. भिंत सामाईक होती. तो वैतागून म्हणायचा, "मास्तर, खिळा बोटभर, भिंत हातभर. माझ्याकडं येतो कुठं तो?" मास्तर म्हणायचे, "खिळा येत नाही. ठोकल्याचा आवाज येतो ना?"

शाळेत मुलांच्या चित्रावर पेन्सिल टेकवण्याआधी ते मुलाला विचारत. पोरं बिलंदर. मुद्दाम "नाही" म्हणत. मग मास्तर त्या चित्राला हात न लावता मागं उभे राहत, एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिलीनं हवेतच माप घेत, आणि पुढच्या मुलाकडे जात. हेडमास्तरांनी एकदा झापलं, तेव्हा त्यांनी हेडमास्तरांना उत्तर देण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. म्हणून त्यांनी उत्तरही दिलं नाही.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. शेजारी राहायला ते गोड नव्हतं. मी एकदा त्यांची शिडी न विचारता घेतली, तर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मग स्वतःहून येऊन म्हणाले, "मियाँ, शिडी तुमचीच समजा. पण विचारलं असतं तर मला ती देता आली असती." मला राग आला होता. शिडीसाठी एवढं? आता कळतं की ते शिडीबद्दल बोलत नव्हते. घेणाऱ्यानं विचारलं नाही तर देणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. एकदा मी त्यांना विचारलं, ही सवय कुठून लागली? ते म्हणाले, "कुठून म्हणजे? कुणाला विडीची असते."

त्याच घरात, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, आम्हाला मुलगा झाला. बाळंतपणानंतर बायकोला टायफॉइड झाला, ती दवाखान्यात पडली. गावाकडून कुणी येण्यासारखं नव्हतं. ते सगळे दिवस खालाजाननं माझ्या तान्ह्या पोराला सांभाळलं. तिची स्वतःची मुलगी तेव्हा शाळेत जात होती. तीही त्याला कडेवर घेऊन गल्लीभर फिरायची. पुढं सिडकोत माझं घर झालं. निघताना खालाजान रडली. मी म्हणालो, दर आठवड्याला येत जाईन.

मी गेलो नाही. आधी एखाद्या ईदला गेलो असेन. मग बढती, मुलाची शाळा, स्कूटर, हप्ते. पहिलं वर्ष गेलं की दुसऱ्या वर्षी जायला तोंड होत नाही. तिसऱ्या वर्षी त्या गल्लीच्या तोंडावरून जाताना आपण मान दुसरीकडे वळवतो. माझं असंच झालं, आणि पुढं जे झालं त्याचं मूळ मला इथंच दिसतं.

कित्येक वर्षांनी मास्तर छताच्या कामासाठी आमच्या कचेरीच्या दारात उभे राहिले. मला बघून त्यांना बरं वाटलं. पण सगळ्यांसमोर ते मला "मियाँ" म्हणाले नाहीत, "साहेब" म्हणाले. मला ते आवडलं, हेही कबूल करतो. मी त्यांची कुणाला ओळख करून दिली नाही, उलट परक्याला विचारावं तसं "घर कुणाचं?" विचारलं.

आमच्या शहरात जुनं माळवद उतरवून स्लॅब टाकायची एक रीत होती. अर्जात "किरकोळ दुरुस्ती" एवढंच लिहायचं, कारण दुरुस्तीला परवानगी लागत नाही. मग लागून सुट्ट्या येण्याची वाट बघायची. आदल्या संध्याकाळी माळवद उतरवायला सुरुवात, कचेऱ्या बंद असेपर्यंत सगळं उरकायचं. दिवाळीच्या दिवसांत जुन्या शहरात फटाक्यांपेक्षा काँक्रीट मिक्सरचा आवाज जास्त. कचेरी उघडते तोवर छत तयार. आम्हालाही हे ठाऊक असायचं. रीतसर अर्ज केला की नकाशा, रस्तारुंदीची रेषा, स्थळपाहणी, सगळं आलं. म्हणून आम्हीच लोकांना सांगायचो, विचारू नका.

मास्तरांनाही मी तेच सांगितलं. "किरकोळ दुरुस्ती लिहा आणि मोकळे व्हा."

"वरचं सगळं काढून नवं घालायचंय. ते किरकोळ कसं?"

"अहो, लिहायचं असतं तसं."

"साहेब, मी पोरांना घागर काढायला सांगितली आणि त्यांनी लोटा काढला, तर मी त्याला घागर म्हणत नव्हतो."

त्यांनी रीतसर अर्ज केला. नकाशा स्वतः काढून आणला. असा नकाशा त्या कचेरीत कधी आला नसेल. तुळयांच्या लाकडाच्या रेषासुद्धा पेन्सिलीनं छायेसकट काढलेल्या, आणि छतावर एक शेळी. आमचा क्लार्क म्हणाला, "मास्तर, ही शेळी कशाला?" ते म्हणाले, "शेजारची आहे. रोज आमच्या छतावर येते. भार धरताना तिला धरायला नको?" सगळी कचेरी त्या नकाशाभोवती गोळा झाली. मास्तर परवानाधारक इंजिनिअरकडून दुसरा नकाशा घेऊन आले, पण तोवर ते आमची करमणूक झाले होते. ते आले की शिपाई मला आधीच वर्दी द्यायचा, "साहेब, आलं बगा येडं म्हातारं. बसवू का हुबं ठिवू?" मी हसायचो.

स्थळपाहणी माझ्याकडे होती. नियम साधा होता. मी जाऊन छत बघायचं आणि शेरा लिहायचा. छत धोकादायक असं मी लिहिलं असतं तर बाकी सगळं बाजूला ठेवून मंजुरी लगेच निघाली असती. म्हणजे सगळं माझ्या शेऱ्यावर होतं, आणि मास्तरांनाही ते माहीत होतं.

मी गेलो होतो. गल्लीच्या तोंडापर्यंत स्कूटर नेली. तिथं उसाच्या रसाचं दुकान होतं. मी रस घेतला आणि उभा राहिलो. इथून चार घरं ओलांडली की खालाजान दारात असणार. ती म्हणणार, "इतने दिनां के बाद याद आई?" मुलाचं विचारणार. तो बारावीला आहे आणि त्याला तिचं नावसुद्धा माहीत नाही, हे मी कसं सांगणार? जेवायला बसवणार. वाढता वाढता काही बोलणार नाही, आणि ते न बोलणं मला सोसणार नाही. रस संपला. मी पैसे दिले आणि स्कूटर वळवली.

कचेरीत येऊन शेरा लिहिला. "स्थळपाहणी केली. छत सुस्थितीत आहे. तातडी नाही." लिहिताना मला खोटं लिहितोय असंसुद्धा वाटलं नाही. त्या छताखाली मी वर्षानुवर्षं झोपलो होतो. प्रत्येक तुळई मला पाठ होती. ते घर मला माहीत आहे, असं मला वाटलं. मी माहीत असलेल्या घराबद्दल लिहिलं. पण ते घर माझ्या तरुणपणी तसं होतं. मधल्या काळात तुळयांच्या आत काय चाललं होतं, ते पाठांतरातून कसं कळणार?

फाईल साध्या रांगेत गेली. मास्तर येत राहिले. एक दिवस त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली. ते दारात न थांबता सरळ माझ्या टेबलापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, माती गळायला लागलीय. एका तुळईत बोट जातं. कागद मागून आला तर चालेल का? मी वरची माती तेवढी उतरवून घेतो."

ते बदलायला तयार झाले होते. लोक म्हणतात त्यांचा हट्ट होता. हट्ट त्यांनी त्या दिवशी माझ्या टेबलावर आणून ठेवला होता. मी फक्त "चालेल" म्हणायचं होतं. पण आजूबाजूला सगळे कान देऊन होते, शिपाई हसू दाबत होता, आणि मला जमवलेला प्रेक्षकवृंद सोडवेना. मी मोठ्यानं म्हणालो, "मंजुरी हातात पडेपर्यंत एक ढेकूळ हलवायचं नाही. हलवलं तर मी स्वतः नोटीस काढीन."

पुढचं वाक्य तुम्हाला माहीत आहे. ते विनोद नव्हता. तुळया वाळवीनं पोखरल्या आहेत, हे त्यांनी मला भरकचेरीत जेवढ्या अदबीनं सांगता येईल तेवढ्या अदबीनं सांगितलं होतं. कचेरी हसली. मीही हसलो.

छत पावसात पडलं नाही. भादव्यात झड लागली होती, ती उघडली, चांगलं ऊन पडलं, लोकांनी कपडे वाळत घातले. पाणी प्यालेली माती जड होऊन वर बसली होती. दुपारी खालाजान खाली तांदूळ निवडत होती.

मास्तर त्या वेळी आमच्या कचेरीत होते. बाकावर बसून माझ्या बोलावण्याची वाट बघत होते. शेजारचा तो किराणावाला धावत आला आणि दारातूनच ओरडला. मास्तर उठले. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "जाऊ का?"

सवयीनं विचारलं. त्यांना स्वतःलाही कळलं नसेल. मी "जा" म्हणालो. तो एक शब्द मात्र मी ताबडतोब दिला.

चौकशी झाली. वरिष्ठांसमोर आम्ही दोघं उभे होतो. माझा शेरा वाचून दाखवला गेला. वरिष्ठांनी मास्तरांना विचारलं, "पाहणीला हे आले होते का?" मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे आमच्या घरात राहिलेत, साहेब. यांना घर माहीत आहे."

वरिष्ठांना तेवढं पुरलं. मास्तर खोटं बोलले नव्हते. बाहेर आल्यावर मी त्यांचे हात धरायला गेलो, तर त्यांनी हात कोटाच्या खिशात घातले. म्हणाले, "तुमच्यासाठी नाही बोललो. तिनं तुमचं लेकरू सांभाळलं होतं. त्याच्या तोंडचा घास तिला काढवला नसता."

आणि मी काय केलं? एका वार्ताहरानं फोन केला तेव्हा सांगितलं, "साध्या दुरुस्तीला परवानगी लागतच नाही. त्यांना तसं सांगितलंही होतं. त्यांचा स्वभाव थोडा विचित्र आहे." यातलाही प्रत्येक शब्द खरा होता. दुसऱ्या दिवशी शहरानं तो वाचला. खुलताबादला दिलेल्या त्यांच्या मुलीनंही वाचला. कब्रस्तानातून आल्यावर ती सगळ्यांसमोर बापाला म्हणाली, "अम्मीकू छत ने नहीं मारा. तुम्हारी इजाजत ने मारा." त्या दिवसानंतर ती माहेरी आली नाही.

वर्षभरानं मास्तर माझ्या सिडकोतल्या घरी आले. दारात उभे राहून विचारलं, आत आले, पाणी घेतलं नाही.

"एक विचारायचंय. मुलीला खरं सांगू का?"

मला काय ते लगेच कळलं. मी म्हणालो, "मास्तरसाहेब, माझी निवृत्ती जवळ आलीय. आता काही निघालं तर पेन्शन अडकेल. तेवढं होऊ द्या."

"म्हणजे सध्या नको."

"सध्या नको."

ते उठले. मी निवृत्त झालो, पेन्शन सुरू झाली. शहागंजच्या भाजीबाजारात एकदा ते गर्दीत दिसले. त्यांनी रस्त्यापलीकडूनच हात थोडा वर करून, हनुवटी उचलून विचारलं. शब्द नव्हते, पण दुसरं काय विचारणार? मी हातानंच "थांबा" अशी खूण केली, आणि रिक्षात बसलो. त्यानंतर मी त्या बाजूला भाजीला जाणं सोडलं. ते मला विचारल्याशिवाय सांगणार नाहीत, ही माझी खात्री होती. सगळं शहर ज्या सवयीला हसत होतं, तिच्याच आडोशाला मी म्हातारपण सुखात काढत होतो. त्याच काळात बैठकीत ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. गोष्टीत खालाजान नव्हती.

मास्तर मागच्या हिवाळ्यात गेले. मला किराणावाल्याच्या मुलानं कळवलं. त्यानंतरच्या बैठकीत पुन्हा फर्माईश झाली. मी ठरवून गेलो होतो की आज पुढचं सांगायचं. सुरुवात केली. पण माणसं इतक्या वेळा हसलेली होती की त्यांना थांबता येईना. वाळवीपाशी नेहमीसारखा स्फोट झाला, एकानं माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी पाण्याचा पेला उचलला. मास्तर जमिनीत होते आणि मी त्यांच्यावर आणखी एकदा हशा घेतला.

दुसऱ्या दिवशी एसटीनं खुलताबादला गेलो. मुलगी तिथं शाळेत शिकवते. आता तिचेही केस पांढरे झालेत. ती नुकतीच शाळेतून आली होती, खांद्यावर पर्स तशीच होती. मी कोण ते सांगितलं. "ओळखलं," ती म्हणाली. मी आत जाऊन खुर्चीवर बसलो आणि सगळं सांगितलं. रस, शेरा, नोटीस, "सध्या नको". ती उभीच होती.

माझं सांगून झालं. मग ती म्हणाली, "अब्बा दर महिन्याला यायचे."

मला हे माहीत नव्हतं.

"एसटीनं यायचे. त्या दारात उभं राहून विचारायचे, 'आत येऊ?' मी आत असायची. मी जवाब देत नव्हते. ते थोडा वेळ थांबायचे आणि जायचे. शेवटच्या महिन्यापर्यंत." तिनं दाराकडे पाहिलं. "मला वाटायचं, येऊ दे ना एकदा न विचारता. बाप आहे. धक्का मारून आत येऊ दे. मी काय बाहेर काढलं असतं?"

मी म्हणालो, "मला हे लिहायचंय. लोकांना कळलं पाहिजे. तुमची हरकत नसेल तर…"

"मला कशाला विचारता?"

"तुमच्या घरचं आहे."

"अब्बांनी तुम्हाला विचारलं होतं. काय मिळालं?" तिचा आवाज चढला नाही. "लिहा. आमची नावं घालू नका. अब्बांचं तर नकोच, ते विचारल्याशिवाय कुणाच्या कागदावर जायचे नाहीत. आणि लिहून झालं की मला दाखवायला आणू नका."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला.

"एक सांगा. तुम्ही आत आलात, बसलात. मी 'या' म्हटलं होतं का?"

मी उठून उभा राहिलो. तिनं "बसा" म्हटलं नाही, "जा"ही म्हटलं नाही. खांद्यावरची पर्स उतरवून ती आतल्या खोलीत गेली, आणि मला तिथून निघायलाही कुणाला विचारावं ते कळेना.